लोकप्रशासन हवं, प्रशासक नको

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात 'सभासदांचे मनोगत' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला समितीने विषय दिला तो असा : 'वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एम.ए. कसं केलं?' म्हणजे थोडक्यात, बायकांना स्फूर्ती मिळेल असं काहीतरी बोला. मी अध्यक्षांना म्हटलं, काका, स्फूर्तीचं मला काही जमायचं नाही. पण मी ज्या विषयात एम.ए. केलं तो विषय काय आहे आणि तो आपल्या छप्पन्न बिऱ्हाडांच्या सोसायटीला कसा लागू पडतो, हे सांगायला आवडेल. ते म्हणाले, "वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला जेवण सुरू होईल." तेव्हा मी घड्याळ समोर ठेवलंय.

विषयाचं नाव लोकप्रशासन. इंग्रजीत पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. हे नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे कलेक्टर होणार का?" दुसरा प्रश्न : "आता या वयात?" दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. मी एका नगरपालिकेत लिपिक म्हणून लागले आणि आज वरिष्ठ लिपिक आहे. पालिकेचं नाव मी घेत नाही, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते कुठल्याही पालिकेत घडू शकतं. कलेक्टर होण्यासाठी नव्हे, तर ज्या खुर्चीत मी वीस वर्षं बसले होते ती खुर्ची नेमकी कशासाठी आहे हे समजून घ्यायला मी हा अभ्यास केला.

हा विषय काही परदेशातून काल-परवा आलेला नाही. अमेरिकेत वुड्रो विल्सन यांनी १८८७ साली प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला, तिथून या शास्त्राची सुरुवात धरतात. हेच विल्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १७१५-१६च्या सुमाराला, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. किल्ले कसे सांभाळावेत, आरमार कसं ठेवावं, सावकार-व्यापाऱ्यांशी राज्याने कसं वागावं, इतकंच काय, आरमारासाठी लाकूड लागलं तर रयतेच्या झाडांना हात लावताना काय पथ्य पाळावं, हे सगळं त्यात आहे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि तिच्या पैशाच्या व्यवहारावर. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा हिशेब कोण देतो, हा प्रश्न त्यांनी तेव्हा धरला. आपल्या वार्षिक सभेत दरवर्षी तोच प्रश्न येतो, फक्त जरा मोठ्या आवाजात.

स्वतंत्र भारतात या विषयाचा वेगळा असा विद्यापीठ विभाग पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्या नागपूरला, १९४९-५० मध्ये. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था नंतर, १९५४ साली आली. म्हणजे मराठी माणसाला हा विषय परका वाटायचं काही कारण नाही.

आता मी कसा केला ते थोडक्यात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्याला सगळे इग्नू म्हणतात, ते १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालं. त्यांचा लोकप्रशासनाचा एम.ए. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येतो. मी बी.कॉम. जुलै २०१५ला नाव घातलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. नोकरदार माणसाला हा चार वर्षांचा आकडा फार मोलाचा. प्रत्येक विषयाचे स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे, त्याला तीस टक्के वजन. सत्रान्त परीक्षेला सत्तर टक्के. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मी इंग्रजी घेतलं आणि प्रत्येक प्रकरणाच्या मार्जिनमध्ये मराठीत टिपणं काढली. लोकलमध्ये जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. बसायला जागा मिळाली तर वाचन, नाही मिळाली तर मनातल्या मनात उजळणी.

दोन वर्षांचं काम तीन वर्षांनी झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली. जुन्या नोटांनी मालमत्ता कर भरायची मुभा मिळाली आणि पालिकेच्या दारात अशी रांग लागली की ज्यादा खिडक्या उघडाव्या लागल्या. त्यातल्या एका खिडकीवर मी. रात्री नऊला घरी, आणि डिसेंबरात पेपर. चारऐवजी दोनच पेपर दिले. पुढच्या मार्चमध्ये मुलीची दहावी, आणि मेमध्ये सासरे बाथरूममध्ये पडले, त्यामुळे २०१७ची जूनची परीक्षा पूर्ण सोडली. शेवटचा पेपर जून २०१८ला. तेव्हा ज्या बी विंगच्या आजींनी सासऱ्यांजवळ रोज दुपारी दोन तास बसून काढले, त्यांना इथे सगळ्यांसमोर नमस्कार करते. पदवीच्या कागदावर त्यांचं नाव नाही, पण असायला हरकत नव्हती.

आता विषयाकडे येते. पुस्तकात लूथर गुलिक नावाचे एक गृहस्थ भेटतात. त्यांनी १९३७ मध्ये व्यवस्थापकाच्या सात कामांची आद्याक्षरं जोडून एक शब्द केला : पोस्डकॉर्ब. नियोजन, संघटन, माणसं नेमणं, निर्देश देणं, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं, आणि मग लक्षात आलं की आपले सचिव हे सातही उद्योग बिनपगारी करतात, वर पाण्याचा पंप बंद पडला की आठवाही करतात.

त्याच पुस्तकात एक तत्त्व आहे, आदेशाची एकवाक्यता. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाने हुकूम द्यावा. आता आपल्या वॉचमनचा विचार करा. त्याला छप्पन्न साहेब आणि छप्पन्न मॅडम. एक म्हणतो गेट उघडं ठेव, दुसरा म्हणतो बंद कर. तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "जरा वाण्याकडून दूध आण रे." आणि रात्री चोरी झाली की सगळे मिळून विचारणार, तू होतास कुठे? तो दूध आणायला गेला होता! २०१९ला समितीत गेल्यावर आम्ही एक साधा ठराव केला : वॉचमनला सूचना फक्त सचिवांनी द्यायची, बाकीच्यांनी तक्रारवहीत लिहायचं. सुरुवातीला लोक रागावले. पण त्यानंतर एकही वॉचमन चार महिन्यांत पळून गेलेला नाही. आधी ते सर्रास व्हायचं.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं पुस्तक वेगळंच आहे. मायकेल लिप्स्की या अभ्यासकाने १९८० साली ते लिहिलं. त्याचं म्हणणं असं की सरकारी धोरण मंत्रालयात ठरतं हे अर्धंच खरं. लोकांच्या वाट्याला जे सरकार येतं ते खिडकीवरचा लिपिक, शाळेतला शिक्षक, चौकातला पोलीस आणि दवाखान्यातली नर्स ठरवतात. त्यांच्याकडे माणसं जास्त, वेळ कमी, साधनं तोकडी. मग ते आपापल्या सोयीचे शॉर्टकट काढतात, आणि तो शॉर्टकट हेच लोकांसाठी सरकारचं धोरण होतं.

हे मी वाचलं तेव्हा माझी नुकतीच जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बदली झाली होती. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव दुरुस्त करून घ्यायला आले होते. दवाखान्याच्या कागदावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच. त्यांची ती चौथी खेप. पहिल्या खेपेला सांगितलं होतं अर्ज आणा. दुसऱ्या खेपेला, प्रतिज्ञापत्र आणा. तिसऱ्या खेपेला, पुरावा जोडा. एकदम सगळं कुणीच सांगितलं नव्हतं. नियम कुणी मोडला नव्हता, लाच कुणी मागितली नव्हती. फक्त रांग मोठी होती आणि प्रत्येक वेळी समोर जो कागद कमी दिसला तेवढाच सांगून पुढच्याला बोलावलं गेलं होतं. प्रत्येक खेपेला त्यांचा एक दिवस आणि जाण्या-येण्याचे रिक्षाचे पैसे गेले होते. पेन्शन बँकेत अडकली होती ती वेगळीच.

त्या आठवड्यात मी एक कागद तयार केला. कुठल्या दुरुस्तीला कुठली कागदपत्रं, सगळी एका पानावर, ठळक मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "हे आपलं काम नाही, वरून नमुना येऊ द्या." महिनाभर तो कागद ड्रॉवरमध्ये राहिला. मी दर सोमवारी तो परत त्यांच्या टेबलावर ठेवायचे. चौथ्या की पाचव्या सोमवारी त्यांनी सही केली, बहुधा कंटाळून. आज तो कागद खिडकीशेजारी लावलेला आहे. आता लोक एका किंवा दोन खेपांत मोकळे होतात. माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासाची कमाई काय असं कुणी विचारलं तर मी पदवीच्या आधी तो कागद दाखवीन.

आपल्या राज्यात यासाठी चांगले कायदे आहेत, हेही सांगते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ साली झाला, देशाचा २००५ साली. दप्तर दिरंगाईविरुद्धच्या कायद्यात म्हटलंय की साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. २०१५ला लोकसेवा हक्क कायदा आला. त्यात कुठली सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे हे जाहीर करावं लागतं आणि उशीर झाला तर अपील करता येतं. तुम्ही पालिकेत याल तेव्हा तो फलक आधी वाचा, मग खिडकीवर या. तुम्ही माहिती घेऊन आलात की आमचंही काम सोपं होतं, खरंच सांगते.

आता दप्तराविषयी. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली बसण्याची मांडणी, कामांची वाटणी आणि कागद ठेवायची पद्धत बदलून दाखवली. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो गाजला. आमच्या सरकारी कचेऱ्यांत आणखी एक जुनी, फार शहाणी पद्धत आहे : सहा गठ्ठे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. एक, ज्यावर आज काम करायचं आहे. दोन, ज्याच्या उत्तराची वाट बघतोय. तीन, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं. चार, कायमचे आदेश. पाच, अभिलेख कक्षात पाठवायचं. सहा, नष्ट करायचं. बस्स. सातवा गठ्ठा 'बघू नंतर' हा नसतो.

समितीत आल्यावर मी सोसायटीचं गोदरेजचं कपाट उघडलं. वीस वर्षांचे कागद, म्हणजे बहुतेक सगळे 'बघू नंतर'. लाइटची जुनी बिलं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, लिफ्टचे करार, आणि मध्येच कुणाची तरी लग्नपत्रिका. तळमजल्यावरचे काका, ए विंगमधली कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि मी, असे चौघं दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस जमिनीवर बसलो. सहा गठ्ठे केले. आणि पाचव्या गठ्ठ्यात घालताना आम्हाला तीन कागद सापडले : मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकासकाबरोबरचा मूळ पत्रव्यवहार.

याचं महत्त्व तरुणांसाठी सांगते. आपण प्रत्येकाने फ्लॅट विकत घेतला, पण इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर नव्हती. मूळ मालक आणि विकासकाने ती कायद्याने करून द्यायला हवी होती, ती दिली नाही. अशा वेळी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, करून घेता येतं. मोफा कायद्यात २००८ला तशी तरतूद झाली. अर्ज करायचा जिल्हा उपनिबंधकांकडे. त्याला हे कागद लागतात. ते गहाळ आहेत असं समजून आपण बारा वर्षं गप्प होतो. ते कपाटातच होते! पुढे वकील, अर्ज, तारखा हे सगळं झालं, आणि आज जमीन सोसायटीच्या नावावर आहे. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर आपण हक्काने बोलू शकतो. मॅक्स वेबर या जर्मन विचारवंताने नोकरशाहीची जी लक्षणं सांगितली त्यातलं एक आहे लेखी नोंद, आणि दुसरं, पद वेगळं आणि माणूस वेगळा. सचिव बदलले तरी दप्तर सोसायटीचंच राहिलं पाहिजे. लोक नोकरशाहीला शिव्या देतात, पण आपली जमीन आपल्याला मिळाली ती एका जुन्या कागदामुळे.

आता माझ्या आवडत्या बाईंविषयी. एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री, २००९ साली. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहिला होता : जे सगळ्यांचं असतं त्याची शेवटी वाट लागते. सामायिक कुरणावर जो तो आपली एक गाय जास्त चारतो आणि कुरण संपतं. उपाय दोनच, एकतर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर खाजगी करून टाका. ऑस्ट्रॉमबाईंनी म्हटलं, थांबा, आपण प्रत्यक्ष बघू या. त्यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणं, स्पेनमधले पाट, फिलिपिन्समधली शेतकऱ्यांची सिंचन मंडळं अभ्यासली. शेकडो वर्षं लोकांनी स्वतःच नियम करून ती टिकवली होती. १९९०च्या पुस्तकात त्यांनी टिकणाऱ्या संस्थांची आठ लक्षणं मांडली.

आपल्याकडेही हे आहेच. धुळे भागात पांझरा नदीवर फड पद्धत होती, तीनशे वर्षांहून जुनी. नदीवर बंधारा, पाट, आणि जमिनीचे फड पाडलेले. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. लोकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवला तर झळ सगळ्यांना सारखी. हे कुठल्या एम.ए.वाल्याने बसवलेलं नाही.

ऑस्ट्रॉमबाईंची लक्षणं मी आपल्या सोसायटीला लावून बघते. हक्क कुणाचा हे स्पष्ट असावं : आपलं सभासद रजिस्टर. नियम जागेला साजेसे असावेत : उन्हाळ्यात टँकर आला की व्हॉल्व्हची वेळ वेगळी. ज्यांना नियम लागू त्यांना तो बदलायचा अधिकार असावा : सर्वसाधारण सभा. लक्ष ठेवणारा आपल्यालाच उत्तर देणारा असावा. शिक्षा पायरीपायरीने असावी : चुकीच्या जागी गाडी लावली तर आधी वायपरखाली चिठ्ठी, मग पत्र, मग सभेने ठरवलेला दंड, पहिल्याच दिवशी चाकातली हवा काढायची नाही. भांडण मिटवायची सोय जवळ आणि स्वस्त असावी. आपले नियम आपण करायचा हक्क सरकारने मानलेला असावा : तो १९६०च्या सहकार कायद्याने दिला आहे. आणि आठवं, छोट्या व्यवस्था मोठ्या व्यवस्थेत नीट बसाव्यात : सोसायटी, प्रभाग, पालिका. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३पासून लागू झाली आणि शहरांच्या स्थानिक राज्यकारभाराला घटनेत जागा मिळाली. बाराव्या परिशिष्टात पालिकांचे अठरा विषय आहेत. पण त्या साखळीची अगदी तळाची कडी आपली वार्षिक सभा आहे, असं मला वाटतं.

याच नियमांचं एक उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. २०१५ला मी समितीला अर्ज दिला की घरात जागा नाही, रात्री नऊ ते साडेअकरा सोसायटीचं ऑफिस अभ्यासाला मिळेल का? समितीने किल्ली दिली. पुढच्या सभेत ए विंगच्या काकांनी हरकत घेतली : एका सभासदाला दिलं, मग उद्या दुसऱ्याने मागितलं तर? हरकत अगदी रास्त होती. मग सभेतच ठरलं, सगळ्यांना द्यायचं, पण नियमाने. वहीत नाव आणि वेळ लिहायची, खाणं आणायचं नाही, शेवटी जाणाऱ्याने पंखा-दिवा बंद करून किल्ली वॉचमनकडे द्यायची. आज आपण तिला अभ्यासिका म्हणतो. त्या एका टेबलावर कुणी सी.ए.चा अभ्यास केला, कुणी नर्सिंगचा, कुणी एमपीएससीचा. काकांनी हरकत घेतली नसती तर ती फक्त माझी खोली राहिली असती.

ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लोकप्रशासन ऐच्छिक विषय आहे, दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. पालिकेत नोकरीला असाल तर १९२६ साली मुंबईत सुरू झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, आमच्याकडे एल.एस.जी.डी. केलेले पुष्कळ जण भेटतील. पण एक स्पष्ट सांगते. नुसत्या एम.ए.ने माझ्या पगारात एक रुपया वाढला नाही. पदोन्नती सेवाज्येष्ठतेने आणि विभागीय परीक्षेने होते, त्या यादीत या पदवीला रकाना नाही. नोकरीची हमी म्हणून कराल तर निराश व्हाल. आपल्या आजूबाजूचा कारभार कसा चालतो, कुठे अडतो आणि कुठल्या टोकाला धरून तो हलवता येतो हे कळायला हवं असेल, तर जरूर करा. वय आड येत नाही. घर आड येतं, पण घराला विचारून घेतलं तर तेही बाजूला होतं. माझ्या यजमानांनी तीन वर्षं संध्याकाळचा कुकर लावला. अजूनही तेच लावतात, ती सवय मी मोडलेली नाही.

हर्बर्ट सायमन म्हणून आणखी एक नोबेल मिळालेले अभ्यासक, १९७८चे. ते म्हणतात, माणसाकडे माहिती अपुरी, वेळ अपुरा. त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला सापडला की तो घेतो. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. कारण आपण आज ज्या अडचणीत आहोत तिथे मला हेच म्हणायचं आहे.

पुढच्या महिन्यात आपल्या व्यवस्थापक समितीची निवडणूक आहे. जागा अकरा. काल संध्याकाळपर्यंत आलेले अर्ज पाच. अकरांच्या समितीला सभेसाठी गणपूर्ती लागते सहांची. म्हणजे पाचांची समिती एक सभासुद्धा भरवू शकणार नाही. आणि समितीच उभी राहिली नाही तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. बाहेरून माणूस येईल, त्याचं मानधन आपण भरू, आणि टँकर कधी मागवायचा, लिफ्टवाल्याला किती द्यायचे, अभ्यासिका उघडी ठेवायची की नाही, हे तो ठरवेल. तो भला माणूस असेलही. पण पंचवीस वर्षं आपण जे केलं ते दुसऱ्याच्या हातात देऊन रौप्यमहोत्सवाचे पेढे वाटायचे, हे मला पटत नाही.

पाचही अर्ज साठीपुढच्या मंडळींचे आहेत. चाळिशीच्या आतला एक नाही. मला माहीत आहे, तुम्ही दोघं दोघं नोकरी करता, आठला घरी येता. आम्हीही करायचो. आपण सर्वोत्तम समिती शोधत नाही आहोत. महिन्यातून एक सभा, आठवड्यातून दोन तास, आणि कागद सहापैकी एका गठ्ठ्यात घालायची तयारी, एवढं असलेली सहा माणसं हवी आहेत. अर्जाची मुदत येत्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. कोरे अर्ज ऑफिसात टेबलावर ठेवले आहेत, पेनही बांधून ठेवलंय. जे निवडून येतील त्यांना मी सहा महिने दप्तर समजावून द्यायला रोज रात्री नऊ वाजता तिथेच भेटेन, हा माझा शब्द.

अध्यक्ष काका घड्याळाकडे बघतायत.